साठीनंतर काय सोडावे?

आपल्या मंदिराच्या सभामंडपात षष्ट्यब्दिपूर्तीच्या शांती अलीकडे पूर्वीपेक्षा अधिक होऊ लागल्या आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. आमच्या आजोबांच्या पिढीत साठी गाठणे हेच एक भाग्य मानले जाई, आणि या शांतीस ‘उग्ररथ’ असे भयसूचक नाव का पडले असावे हे त्या काळच्या माणसास समजावून सांगावे लागत नसे. आज साठीचा गृहस्थ स्वतः वाहन चालवीत शांतीस येतो, होमाच्या धुराने पाणावलेले डोळे पुसतो, आप्तेष्टांसह पुरणपोळीचे भोजन करतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तो पुढे वीस-पंचवीस वर्षांचा काळ मोकळा पडलेला असतो. त्या काळाचे काय करावयाचे, हे पौरोहित्य करणारे गुरुजी सांगत नाहीत. आणि तो त्यांचा विषयही नव्हे.

साठ हा आकडा आपल्या पूर्वजांनी उगाच निवडलेला नाही. गुरू सुमारे बारा वर्षांत राशिचक्र फिरतो आणि शनी सुमारे तीस वर्षांत. दोघेही आपल्या जन्मवेळेच्या जागी एकाच सुमारास परत येतात ते साठ वर्षांनी. प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरांची माळ पुरी होते आणि जन्माच्या संवत्सराचे नाव पंचांगाच्या पहिल्या पानावर पुन्हा दिसते. (ज्यांचा जन्म १९६६ सालच्या पाडव्यानंतरच्या वर्षातला, त्यांच्या वाट्यास २०२६ साली पुन्हा ‘पराभव’ हेच संवत्सर येते. नाव मनावर घेऊ नये.)

सरकारच्या लेखी मात्र या आकड्यास असे स्थैर्य नाही. केंद्र सरकारच्या नोकरांचे निवृत्तीचे वय १९६२ साली पंचावन्नाचे अठ्ठावन्न झाले आणि १९९८ साली अठ्ठावन्नाचे साठ. आपल्या मध्य प्रदेशाने २०१८ साली ते साठावरून बासष्टावर नेले. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश पासष्टापर्यंत न्याय देतात. उलट, २००७ सालच्या कायद्याने साठ पुरी झालेला प्रत्येक भारतीय ज्येष्ठ नागरिक ठरतो. म्हणजे आपल्या राज्यातील एकच मनुष्य दोन वर्षेपर्यंत कर्ता नोकरदारही असतो आणि संरक्षणास पात्र असा वृद्धही असतो. यावरून एवढेच ध्यानात घ्यावे, की नेमून दिलेले वय ही व्यवस्थेची सोय आहे. देहाचे वा बुद्धीचे ते मोजमाप नव्हे.

असो. साठी उलटलेल्या माणसास दोन प्रकारचे उपदेश ऐकावे लागतात. एक म्हणतो, आता पुष्कळ झाले, स्वस्थ बसा, नामस्मरण करा, मुले समर्थ आहेत. दुसरा म्हणतो, स्वस्थ बसाल तर गंजाल. स्वतःस कशात तरी गुंतवून घ्या. हे दोन्ही उपदेश वरवर परस्परविरोधी दिसतात, पण दोघांचाही रोख एकाच गोष्टीवर आहे : काम किती करावे. मला वाटते, खरा प्रश्न तो नाही. काम आणि अधिकार या दोन गोष्टी तारुण्यात आणि प्रौढपणी हातात हात घालून वाढतात, म्हणून त्या एकच आहेत असा आपला समज होऊन बसतो. साठीनंतर त्या वेगळ्या करता येतात. तेव्हा त्यांतील कोणती ठेवावी आणि कोणती सोडावी, हा विचार करावयास हवा. आपण बहुतेक जण नेमके उलटे करतो. कष्ट तेवढे सोडतो, आणि शब्द मात्र आपलाच चालला पाहिजे असा हट्ट धरतो. भाजी आणावयास सुनेने जावे, पण ती कोणती आणावी आणि कोणत्या भावाने आणावी हे आरामखुर्चीतून आम्ही सांगावे, अशी ही वाटणी असते.

हे मी दुसऱ्यांविषयी लिहीत आहे असे कोणी समजू नये. मंडळाच्या जुन्या सभासदांस पुढील हकीकत ठाऊक आहे; नव्यांस ती माझ्याच तोंडून कळलेली बरी. श्रीरामनवमीच्या उत्सवाची कोठी आणि भांडार ही दोन्ही कामे एकवीस वर्षे मजकडे होती. चांदीचा पाळणा, उत्सवमूर्तीचे दागिने, मोठ्या समया, पितळी परातींची मोजदाद, सुंठवड्यास सुंठ किती आणि खोबरे किती, महाप्रसादाच्या पंगती किती उठतात, हे सारे मजपाशी असे. पैकी निम्मे वहीत आणि निम्मे डोक्यात. बासष्टाव्या वर्षी मी नोकरीतून निवृत्त झालो तेव्हा कार्यकारी मंडळाने माझ्या हाताखाली एक तरुण सभासद दिला. मुलगा हुशार, विनयशील, आपल्यांतल्याच एका जुन्या घराण्यातला. मी त्यास सर्व काही दाखविले. दोन वर्षे दाखवीतच राहिलो. किल्ल्यांचा जुडगा मात्र माझ्याच खिशात राहिला.

तिसऱ्या वर्षी रामनवमीच्या सकाळी स्नान करून उठताना मला घेरी आली. रक्तदाब चढला होता. घरच्यांनी मला लगबगीने रुग्णालयात नेले. जुडगा सदऱ्याच्या खिशात, सदरा माझ्या अंगावर, आणि माझा मोबाइल पत्नीच्या पिशवीच्या तळाशी. इकडे मंदिरात कीर्तन रंगात आले, बारा वाजावयास दहा मिनिटे उरली, आणि पाळणा कपाटात कुलुपबंद. त्या तरुणाने सात-आठ वेळा मला फोन केला. अखेर तो मंदिरामागच्या गल्लीतील एका घरी धावत गेला आणि तेथील तान्ह्या बाळाचा लाकडी पाळणा त्याच्या आईकडून मागून घेऊन आला. बाराच्या ठोक्यास गुलाल उधळला गेला, स्त्रियांनी पाळणा म्हटला, सुंठवडा वाटला गेला. पुष्कळांस तर काही उणे होते हे कळलेही नाही.

सायंकाळी तो माझ्या प्रकृतीची चौकशी करावयास घरी आला. मी त्यास पहिला प्रश्न विचारला तो असा : “घरातला वापरातला पाळणा देवापुढे ठेवावयास तुला कोणी सांगितले?”

तो म्हणाला, “काका, विचारण्यासाठीच फोन करीत होतो. कोणी उचलला नाही.”

“मग थांबावयाचे होतेस,” मी म्हणालो.

प्रभू रामचंद्राने माझा रक्तदाब उतरेपर्यंत जन्म घेण्याचे थांबावयाचे होते, असाच त्याचा अर्थ झाला! तो काही बोलला नाही. काकूंना नमस्कार करून गेला, आणि पुढे दीड वर्ष मंदिराच्या कोणत्याही कामास आला नाही.

त्या दिवसापर्यंत मी स्वतःस कार्यतत्पर समजत होतो. साठी उलटूनही हा मनुष्य किती राबतो, असे लोक म्हणत आणि मला ते ऐकावयास आवडे. किल्ल्या न देण्याची कारणेही माझ्यापाशी भरपूर होती : दागिन्यांची जोखीम, तरुणांचे बदलते वेळापत्रक, परंपरेची शुद्धता. अंथरुणावर पडल्या पडल्या मी ती एकेक तपासून पाहिली, तेव्हा त्यांतले एकही खरे निघाले नाही. खरे कारण फार लहान होते. किल्ल्या दिल्या म्हणजे उत्सवाच्या आदल्या दिवशी सकाळी मला विचारावयास कोणी येणार नव्हते. नोकरीतील खुर्ची गेल्यावर माझ्या नावाने हाक मारण्यास कोणास काही कारण उरावे, म्हणून मी देवाचा पाळणा कुलपात ठेवला होता.

महाभारतातील आश्रमवासिक पर्व आपल्या प्रवचनांत फारसे वाचले जात नाही. युद्ध संपले की श्रोते उठू लागतात. परंतु वार्धक्याविषयी त्या ग्रंथात जे आहे ते बरेचसे त्या लहानशा पर्वात आहे. युद्धानंतर पंधरा वर्षे धृतराष्ट्र युधिष्ठिराच्या घरी राहिला. धर्मराज त्यास विचारल्यावाचून काही करीत नसे. सर्वस्व गमावलेल्या त्या राजास सिंहासनाखेरीज राजपदाचे सर्व उपचार मिळत होते, आणि तो ते घेत होता. भीम मात्र अधूनमधून लागेल असे बोलून जाई. अखेर त्या बोलण्याने व्यथित होऊन धृतराष्ट्राने वनाची वाट धरण्याचे ठरविले. म्हणजे त्याचे सोडणे हे मनातून उगवलेले नव्हते. सोडावयास लावल्यावर सोडलेले होते.

त्याच वेळी कुंती काय करते ते पाहण्याजोगे आहे. तिचे पुत्र राज्यावर बसलेले, सुना घरात, युद्धानंतर जन्मलेला पणतू परीक्षित मोठा होत चाललेला. आयुष्यभर जे भोगले त्यानंतर राजमातेचे सुख आता कोठे तिच्या हाती लागले होते. ती उठते आणि त्या दोघांबरोबर चालू लागते. पुढे कुंती, तिच्या खांद्यावर डोळे बांधलेल्या गांधारीचा हात, आणि गांधारीच्या खांद्यावर अंध धृतराष्ट्राचा. पुत्र गयावया करतात, आम्हांस युद्धास प्रवृत्त केलेस आणि आता टाकून का जातेस, असे विचारतात. तिचे उत्तर सारांशाने असे, की तुम्ही दीन होऊन परक्यांच्या दारी राहू नये म्हणून मी तुम्हांस उभे केले. पुत्रांनी जिंकलेल्या राज्याचा उपभोग घ्यावा म्हणून नव्हे. वनात जाऊन ती ध्यानस्थ बसली नाही. दोन अंधांची सेवा हे तिने काम घेतले, आणि ते काम राजवाड्यातील तिच्या कोणत्याही कामाहून कष्टाचे होते. अधिकार ठेवून श्रम टाकणारा एक, आणि अधिकार टाकून श्रम उचलणारी दुसरी, अशी ही दोन वृद्ध माणसे एकाच वाटेने चालली आहेत. व्यासांनी त्यांवर भाष्य केलेले नाही.

धर्मशास्त्र पाहिले तर तेथेही साठ हा आकडा नाही. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात गृहस्थाने वनाकडे केव्हा निघावे याच्या खुणा सांगितल्या आहेत : अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पांढरे केस आणि अपत्याचे अपत्य. आणि निघाल्यावर त्याने काय करावे? स्वाध्यायात नित्य मग्न असावे, पंचमहायज्ञ चालू ठेवावेत, नेहमी देत असावे, घेऊ नये, सर्व भूतांवर दया करावी. यांत विश्रांतीचा उल्लेख नाही. वानप्रस्थ हा निजण्याचा आश्रम नव्हे. घरचा मालक असण्याचे तेवढे त्यात थांबते. पुढे निबंधकारांनी वानप्रस्थ हा आश्रमच कलिवर्ज्यांत घातला, आणि आज कोणी वनात जाऊन राहू म्हणेल तर वनखाते त्यास बाहेर काढील. तेव्हा वन घरातच शोधावे लागणार. या विषयाचा साधार इतिहास ज्यांनी लिहून ठेवला ते महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचे उदाहरण येथे सहज आठवते. त्यांचा जन्म १८८०चा. ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ या ग्रंथाचा पहिला खंड १९३० साली निघाला. दुसरा १९४१ साली, म्हणजे त्यांच्या एकसष्टाव्या वर्षी, आणि अखेरचा भाग १९६२ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. त्या प्रचंड कामाचा मोठा हिस्सा साठीपलीकडचा आहे. ग्रंथास किल्ली नसते, हेही खरे.

येथे इंदूरचा वाचक मला अडविल्याशिवाय राहणार नाही. तो म्हणेल, देवी अहिल्याबाईंनी काय सोडले? १७६७ साली हाती आलेला कारभार त्यांनी १७९५ साली, सत्तराव्या वर्षी, महेश्वरी देह ठेवीपर्यंत सांभाळला. आक्षेप रास्त आहे, आणि माझे म्हणणे त्यामुळे थोडे दुरुस्त करावे लागते. पती, सासरे, एकुलता पुत्र हे सर्व गेले होते. लष्कराचा भार त्यांनी तुकोजीरावांवर टाकला आणि वसूल, न्याय व धर्मकृत्ये आपणाकडे ठेवली. पण त्यांचा दिवस कसा जाई ते पाहा. माल्कमने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, त्यांच्या पदरी राहिलेल्या माणसांकडून ऐकून, तो लिहून ठेवला आहे. सूर्योदयापूर्वी उठून पूजा, पुराणश्रवण, दानधर्म. अल्प विश्रांतीनंतर दुपारी दोनच्या सुमारास दरबार, तो सूर्यास्तापर्यंत. मग पुन्हा पूजा, थोडा फराळ, आणि रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा राज्याचे कामकाज. एवढे कष्ट जो उपसतो त्याने अधिकार बाळगला तर त्यास कोणी लोभी म्हणणार नाही. अधिकार आणि श्रम दोन्ही ठेवणे हे थोरांस साधते. आम्हांस मोह होतो तो श्रमावाचून उरलेल्या अधिकाराचा.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे वाटते, कारण ते राजाचे नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे पेशाने वकील. १८६०चा जन्म. बडोद्याची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ साली त्यांच्या खटपटीने भरली. ग्वाल्हेरचे माधव संगीत विद्यालय १९१८ साली निघाले. आणि लखनौचे संगीत महाविद्यालय १९२६ साली, म्हणजे त्यांच्या सहासष्टाव्या वर्षी. त्या काळी साठीपुढच्या माणसाने मुंबईहून लखनौपर्यंत ये-जा करीत एक शिक्षणसंस्था उभी करावी, हेच थोडे नव्हे. पण मला त्याहून मोठी वाटणारी गोष्ट निराळी आहे. तेथील प्राचार्यपद त्यांनी स्वतःकडे घेतले नाही. श्रीकृष्ण रातंजनकर हा मुलगा त्यांनी बालपणापासून हेरून ठेवला होता. बडोद्यास उस्ताद फैयाज खाँसाहेबांकडे त्यास तालीम मिळावी अशी तजवीज केली, म्हणजे आपल्या शिष्यास दुसऱ्या गुरूच्या हवाली केले. आणि १९२८ साली तिशीही न गाठलेल्या त्या तरुणाच्या हाती महाविद्यालय आले. पंडितजींचे लेखन पुढेही, आजाराने अंथरुणास खिळेपर्यंत, चालू होते. श्रम सुटले नव्हते. आज ती संस्था त्यांच्याच नावाचे विश्वविद्यालय झाली आहे. आपल्या शिष्यास दुसऱ्याकडे शिकावयास पाठविणे हे किती कठीण असते, ते ज्यांनी मुलांना घरची शिकवणी दिली आहे त्यांनाच कळेल.

अधिकार सोडावा असे मी म्हणतो, तेव्हा राहते घर आणि शिल्लक मुलांच्या नावे करून मोकळे व्हावे असा अर्थ कृपया कोणी घेऊ नये. ती निराळी बाब आहे, आणि तीत भाबडेपणा उपयोगाचा नाही. २००७ सालच्या ज्या कायद्याचा वर उल्लेख केला, त्यात एक तरतूद आहे : सांभाळ करण्याच्या अटीवर ज्येष्ठाने मालमत्ता दिली असेल आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येते. पण त्यासाठी तशी अट दाखविता यावी लागते. प्रेमाच्या भरात बिनशर्त लिहून दिलेल्या कागदास ती सहजी लागू पडत नाही. स्वतःच्या अन्नपाण्याची आणि औषधाची तजवीज आपल्या हाती असावी. दुसऱ्याच्या पानात काय वाढावे, हे सांगण्याचा अधिकार तेवढा सोडावयाचा आहे.

येथवर लिहून झाल्यावर मी ते पत्नीस वाचून दाखविले. तिने सर्व ऐकून घेतले आणि म्हणाली, “तुम्हां पुरुषांचे ठीक आहे. आम्हां बायकांचा साठीनंतर अधिकार आपोआपच जातो. काम तेवढे राहते, आणि वर नातवंडे.” मी निरुत्तर झालो. नोकरीतल्या स्त्रीस निवृत्तीचा दिवस तरी असतो. जिने जन्मभर चूल सांभाळली तिला निरोपसमारंभ कोणी केल्याचे मी पाहिलेले नाही. मुलगा-सून दोघेही नोकरीस जातात, घरी दोन लहान मुले, आणि बासष्ट वर्षांची आजी सकाळी सहापासून रात्री नऊपर्यंत उभी असते; तिच्याजवळ जाऊन तुम्ही कार्यरत राहा असे सांगणे हा क्रूरपणा ठरेल. तिच्या बाबतीत माझा नियम उलटा लागू करावा लागेल : तिचे श्रम घरातील सर्वांनी वाटून घ्यावेत आणि तिचा शब्द थोडा अधिक ऐकावा. मात्र माझी पत्नी प्रामाणिक आहे. थोड्या वेळाने ती आपण होऊन म्हणाली, “पण सून चकलीची भाजणी करावयास बसली, की मी उगाच दारात जाऊन उभी राहते, हे मला कळते हो.”

आता देहाविषयी. साठीनंतर स्नायू झडू लागतात आणि तोल सांभाळण्याची शक्ती कमी होते. पडणे, हाड मोडणे आणि मग अंथरूण हा क्रम पुष्कळ घरांनी पाहिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे असे, की पासष्टीपुढच्या माणसानेही आठवड्यातून निदान दीडशे मिनिटे श्वास थोडा वाढेल इतकी हालचाल करावी, आणि तीन दिवस तरी तोल व शक्ती यांचा व्यायाम करावा. आपले लोक फिरावयास जातात, पण नेहरू पार्कात दोन फेऱ्या मारून पोहे-जलेबीच्या दुकानाशी विसर्जित होणारी मंडळी दुसरा भाग विसरतात. केवळ चालण्याने पायांस बळ येत नाही. अमेरिकेत १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, वृद्धनिवासात राहणाऱ्या नव्वदीच्या घरातील दहा दुर्बल स्त्री-पुरुषांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेण्यात आला. ज्यांनी तो पुरा केला त्यांच्या पायांची शक्ती सरासरीने दुपटीहून अधिक वाढली. नव्वदीस हे साधते, मग साठीस सबब राहत नाही. अर्थात ज्यांस हृदयविकार वा सांधेदुखी आहे त्यांनी डॉक्टरांस विचारून करावे. आपल्याकडे जमिनीवर बसून जेवणे, पूजेस पाटावर बसणे आणि हात न टेकता उठणे हा व्यायाम नकळत होत असे. मंदिराच्या महाप्रसादास टेबल-खुर्च्या आल्या त्यास माझा विरोध नाही, गुडघ्यांची दुखणी खरी आहेत; पण ज्यांस खाली बसता येते तेही रांगेत खुर्चीच धरतात, हे पाहून वाईट वाटते.

श्रम अंगमेहनतीचे असावेत, की वाचन-लेखनाचे, की सेवेचे, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. ज्याचा त्याने निवड करावा. कसोटी एकच लावून पाहावी : आपण एक महिना अंथरुणावर पडलो तर हे काम थांबेल काय? थांबणार असेल तर आपण ते कोणास शिकविलेले नाही.

मी ही कसोटी फार उशिरा लावली. गेल्या वार्षिक सभेच्या आधी जुडगा घेऊन त्या तरुणाच्या घरी गेलो. त्याची आई दारात आली, तिला वाटले मी गाऱ्हाणे घेऊन आलो. तो कचेरीतून येईपर्यंत बसलो. किल्ल्या पुढे ठेवल्या आणि त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल क्षमा मागितली. वयाने निम्म्याहून लहान असलेल्या माणसाची क्षमा मागण्याची सवय नसल्याने शब्द नीट जुळले नाहीत. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “काका, किल्ल्या घेईन. पण हिशेबाची पद्धत मी बदलणार.” बदल, म्हणालो. त्याने बदलली. आता देणगी मोबाइलवरून थेट बँकेत जमा होते, आणि माझ्या एकवीस वर्षांच्या वह्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहेत. त्यांची त्याला एकदाही गरज पडलेली नाही.

माझ्याकडे सध्या सकाळी गंध उगाळणे, समया घासणे आणि रविवारी मुलांस रामरक्षा शिकविणे ही कामे आहेत. पितळ घासण्यास किती जोर लागतो ते वयाच्या सहासष्टाव्या वर्षी प्रथमच कळत आहे.

परवाच्या बैठकीत त्याने सुचविले, की यंदाच्या उत्सवात पुन्हा तोच लाकडी पाळणा ठेवावा. गल्लीतील मुलांना तो आपला वाटतो. पुष्कळांनी माना डोलाविल्या. माझ्या जिभेवर शब्द आले होते, ते मी गिळले. पण घरी आल्यावर चैन पडेना. चांदीचा पाळणा ज्या कुटुंबाने दिला त्यातील आजीबाई अद्याप हयात आहेत, आणि दर रामनवमीस तो पाहण्यासाठी नातवाचा हात धरून येतात; ही गोष्ट माझ्या वहीत नाही, फक्त डोक्यात होती. किल्ल्या दिल्या, पण हे द्यावयाचे राहून गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यास बाजूस बोलावून मी तेवढे सांगितले आणि आणखी काही बोललो नाही. “हे मला ठाऊक नव्हते, काका,” तो म्हणाला, आणि विचारात पडला.

मी समया घासावयास बसलो. त्याने काय ठरविले ते अद्याप विचारलेले नाही.